घालणाऱ्याचा उजवा

"हे कोण?"

ढवळे मॅडमनी चिमट्यातला दात खिडकीच्या उजेडात वर धरला आणि आम्हा दहा जणांकडे आळीपाळीने बघितलं. दातांच्या कॉलेजात पहिल्या वर्षाला सगळ्यात घट्ट मिटलेली तोंडं असतात ती विद्यार्थ्यांची.

"मॅडम, हा वरचा..." मागून कुणीतरी धीर केला.

"हा? तुमच्याबरोबर गोट्या खेळलाय का हा? साठी उलटलेले गृहस्थ आहेत. 'हे' म्हणा."

सगळे फसकन हसले.

"दात काढू नका," मॅडम म्हणाल्या. "काढलेले आहेत तेवढे आधी ओळखा. माळवदे, या पुढे. ह्यांची ओळख करून द्या."

माळवदे म्हणजे मी. कल्याणी शंकर माळवदे, मुक्काम करमाळा, वय अठरा. मी दात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. दाढ आहे हे दिसत होतं. तीन मुळं म्हणजे वरची, हेही दिसत होतं. माझं घोडं अडायचं ते पुढे.

"मॅडम, हे वरची पहिली दाढ... डावीकडचे."

"उजवीकडचे!" मॅडमनी डोक्याला हात लावला. "परत उलटं! अहो माळवदे, तुम्ही डॉक्टर झालात तर लोक चांगली दाढ तुमच्याकडे ठेवून दुखरी घरी घेऊन जातील."

पुन्हा हशा. माझ्या शेजारी उभी असलेली माझी रूममेट शमीम मुजावर तेवढी हसली नाही. तिने हळूच माझा अ‍ॅप्रन ओढला आणि मला मागे घेतलं.

मग मॅडम त्या दाढेबद्दल बोलायला लागल्या आणि मी माझी फजिती विसरले. "गालाकडचा हा काळा डाग बघा. तंबाखूची गोळी इथे धरायचे. आणि चावण्याची बाजू बघा, किती झिजलीय. पलीकडच्या दाढा आधीच गेल्या असणार. पंधरा-वीस वर्षं सगळं जेवण ह्या एकट्या बाजूनं ओढलंय." दुसरा दात उचलला, पुढचा, लहानसा. "ही मुलगी. हिला 'ही' म्हटलं तरी चालेल. ह्या दोन आडव्या रेघा दिसतात? दात हिरडीच्या आत तयार होत होता तेव्हा ही फार आजारी पडली होती. दोन-अडीच वर्षांची असेल. एकदा पडली, सावरली, परत पडली. घरचे आता विसरलेही असतील."

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. नखाएवढी वस्तू, आणि तिच्यात एका पोरीचा ताप लिहून ठेवलेला! ह्या बाईंना तो वाचता येतो, आणि मला त्या वस्तूची डावी-उजवीसुद्धा कळत नाही. थक्क होणं आणि लाज वाटणं हे दोन्ही एकाच वेळी होऊ शकतं, हे त्या वर्षी मी रोज अनुभवत होते.

ही गोष्ट त्र्याण्णव सालची. पहिलं सत्र निम्मं सरलं होतं. मेडिकल चार मार्कांनी हुकलं म्हणून मी सांगलीला दातांकडे आले होते, आणि दात काही मला जवळ करत नव्हते. तोंडी परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती. तिच्यात दहा दात ओळखायचे. पण त्याआधी एक अट होती आणि ती भारी होती. प्रत्येकाने खऱ्या दातांचा एक संच जमवायचा. माणसाच्या उजव्या बाजूचे वरचे आठ, खालचे आठ, असे सोळा, धड, न मोडलेले, न किडलेले. संच अपुरा असेल तर तोंडीला बसायचं नाही, आणि तोंडी नाही तर सत्र नाही. मॅडम ह्यात कुणाचंही ऐकत नसत.

दात जमवायचे म्हणजे दवाखाने पालथे घालायचे. आम्ही शनिवारी जॅमच्या रिकाम्या बाटल्या घेऊन निघायचो आणि दंतवैद्यांपुढे दाताच्या कण्या करायचो. हॉस्टेलवर मग अदलाबदल चाले. "दोन खालच्या दाढा घे, एक सुळा दे." "सुळा? जा जा, सुळ्याला तीन दाढा पडतील." मेसमध्ये जेवताना कुणी बाटली टेबलावर ठेवली तर वाढणाऱ्या मावशी आम्हाला पळवून लावायच्या.

माझे पंधरा जमले होते. सोळावा मिळत नव्हता. वरची उजवी पटाशी, म्हणजे हसलं की सगळ्यात आधी दिसतो तो पुढचा रुंद दात. आता तुम्हीच सांगा, पुढचा चांगला दात कोण काढून देईल? किडतो तो मागचा. पुढचा येतो तो पडून मोडलेला, नाहीतर म्हातारपणी झिजून खुंट झालेला. सांगली झाली, मिरज झाली, शमीमच्या मामूंच्या ओळखीने जयसिंगपूर झालं. डाव्या पटाश्या दोन मिळाल्या. त्या मी उजव्या म्हणूनच आणल्या होत्या, हे वेगळं सांगायला नको.

"काय खुळ्यासारखं करालीस," शमीम म्हणाली, "तुला डावा-उजवा हातच कळत नसंल."

"हात कळतो गं. दात समोर आला की सगळं फिरतं."

शेवटी मी एस.टी.डी. बूथवरून घरी फोन लावला. घरी म्हणजे अण्णांच्या दुकानाशेजारच्या किराणा दुकानात. माझे वडील शिंपी. 'माळवदे टेलर्स', पोस्टाच्या गल्लीत, पुढे दुकान, मागे घर. चौथीतून उठून मशीनवर बसलेला माणूस, पण जीभ अशी की गिऱ्हाईक कपडे न्यायला यायचं ते तासभर हसून जायचं. माझा कॉलेजचा अ‍ॅप्रन त्यांनीच शिवला होता, खिशावर लाल दोऱ्याने माझं नाव काढून. शेवटचं बटण लावून दोरा दाताने टच्चकन तोडला तेव्हा आई ओरडली होती, "अहो, कात्री काय पूजेला ठेवलीय?"

"बोला कलूबाई," अण्णा फोनवर म्हणाले. "आवाज का बारीक येतोय?"

"अण्णा, मला एक दात पाहिजे."

"एवढंच ना? बत्तीस हायत. कुठला देऊ?"

"चेष्टा नको हो अण्णा! वरचा, पुढचा, उजवा. चांगला पाहिजे, मोडका नको. दोशी डॉक्टरांकडं विचारता का?"

"उजवा म्हंजे कुणाचा उजवा?"

"तेच तर मला कळत नाही!" आणि मी बूथमध्ये भोकाड पसरलं. बाहेर रांगेत उभे असलेले लोक काचेतून बघायला लागले.

"आगं आगं, रडतीस काय! मला सांग, शर्टाचा खिसा कुठल्या अंगाला असतो?"

"डाव्या."

"कुणाच्या डाव्या?"

मी नाक पुसलं. "घालणाऱ्याच्या."

"मग! मी माप घ्यायला गिऱ्हाईकासमोर उभा राहतो तवा त्याचं डावं अंग माझ्या उजव्या हाताला येतं. मी माझं डावं धरून बसलो तर खिसा पलीकडं लागंल आणि गिऱ्हाईक मला हँगरला टांगंल. समोर माणूस असू दे नाहीतर दात असू दे, आपलं अंग इसरायचं. घालणाऱ्याचं अंग धरायचं. तू त्या दाताला एक शर्ट घाल आणि खिसा कुठं येतोय ते बघ."

दोन महिने पुस्तकातली चित्रं बघून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते एका शर्टाने शिरलं. पण मन खचलेलं होतं, त्यामुळे बोलायचं नव्हतं तेही बोलून गेले. "अण्णा, संच पुरा नाही झाला तर मी येते परत. बार्शीला बी.एस्सी. करीन. माझं काही अडलं नाही इथं."





"कधीपर्यंत पायजे तो दात?"

"पुढच्याच्या पुढच्या सोमवारी तोंडी आहे."

"बरं. ठेव फोन. आणि परत यायचं काढू नगंस."

आठवड्याने करमाळ्याच्या गाडीच्या कंडक्टरबरोबर पार्सल आलं. आत नवा अ‍ॅप्रन होता, आणि अ‍ॅप्रनच्या घडीत बटणांची पत्र्याची डबी. डबी उघडली तर कापसात एक दात. लांब, भक्कम, किडीचा ठिपका नाही. सोबत बिलबुकाचा कागद, मागच्या बाजूला अण्णांचं अक्षर: 'दोशी डॉक्टरांकडून. वरचा उजवा. घालणाऱ्याचा उजवा. पास हो.'

मी दात समोर धरला, मूळ वर केलं आणि त्याला मनात शर्ट घातला. पटाशीचा मधल्या रेषेकडचा कोपरा काटकोनी असतो आणि बाहेरचा गोलसर. काटकोनी कोपरा माझ्या उजव्या हाताला आला. म्हणजे मधली रेघ तिकडे, म्हणजे घालणाऱ्याचा उजवा. बरोबर! पहिल्यांदा, माझं मी ताडून, बरोबर! मी पलंगावर उडी मारली. शमीम म्हणाली, "तुझ्या अण्णांना आपल्या कॉलेजात प्रोफेसर करा."

मग नेहमीचं काम. दात औषधी पाण्यात बुडवून ठेवला, जुन्या ब्रशने घासला, मुळावर निम्म्यापर्यंत चढलेलं कीटण सुईने खरवडलं. हे सगळं करताना मी आणि शमीम गप्पा मारत होतो, कुठल्याशा सिनेमातल्या हिरोवर आमचं भांडण चाललं होतं. मला ते अजून आठवतं आणि अजून कसंनुसं होतं.

दात स्वच्छ झाल्यावर दिसलं की त्याच्या खालच्या धारेत एक बारीक खाच आहे. जवळजवळ मधोमध, थोडी तिरकी.

"झालं!" मी म्हणाले. "काढताना पकडीने टवका उडालाय. मॅडम म्हणणार, मोडका दात आणला."

मी नेलकटरची कानस काढली. धार सपाट केली की खाच जाईल, असा माझा हिशेब. दोन हात मारलेही असते, एवढ्यात शमीमने माझं मनगट धरलं.

"बया, घासलीस तर उंची कमी हुईल. त्या बाईंना केसाएवढा फरक कळतोय. हाय तसं ऱ्हाऊ दे."

मी कानस ठेवली. पुढे आयुष्यात शमीमला मी पुष्कळ गोष्टींसाठी धन्यवाद दिले, पण ह्या एका गोष्टीसाठी तिच्या पाया पडायलाही माझी तयारी आहे.

रविवारी अण्णांना फोन केला, दात पोचला म्हणून सांगायला.

"थंच पुरा झाला का?" अण्णा म्हणाले.

"काय?"

"थंच गं, थंच."

"संच होय! झाला. पण अण्णा, असं काय बोलताय?"

"पान खाल्लंय. जगतापांच्यात लगीन होतं," असं म्हणून त्यांनी घाईने फोन ठेवला. मी म्हटलं, असेल. माझ्या डोक्यात सोमवार होता.

सोमवारी तोंडी. लांब टेबलावर प्रत्येकाचा संच मेणात उभा करून मांडलेला. मॅडम एकेकापाशी थांबत होत्या, बाकीचे अर्धगोल करून मागे उभे. माझ्यापाशी आल्या. पंधरा दातांवरून त्यांची नजर सरकत गेली आणि सोळाव्यावर थांबली. चिमट्याने त्यांनी नेमका तोच उचलला.

"ओळख करून द्या."

मी अ‍ॅप्रनच्या खिशावर हात ठेवला, लाल दोऱ्याने काढलेल्या नावावर. "हे वरची पटाशी. उजवीकडचे."

"नक्की?"

"घालणाऱ्याचे... म्हणजे, ह्यांचे स्वतःचे उजवीकडचे, मॅडम."

मॅडमच्या भुवया वर गेल्या. "अरे वा. माळवदे सुलट्या झाल्या! वय?"

"पन्नाशीच्या आसपास. धार झिजली आहे, पण फार नाही."

"तब्येत?"

"कीड नाही. कीटण मुळाच्या निम्म्यापर्यंत होतं. हाड थोडं झिजलं असणार. दात हलत असणार."

"शाब्बास. आणि हे?" चिमट्याचं टोक त्या खाचेवर टेकलं.

"काढताना उडालेला टवका असावा, मॅडम."

"नाही." मॅडमनी खिशातून भिंग काढलं. बराच वेळ बघत राहिल्या. त्यांचा चेहरा हळूहळू बदलला, ओळखीचं कुणीतरी रस्त्यात दिसल्यावर बदलतो तसा. "या, सगळे जवळ या. हे रोज बघायला मिळत नाही. टवका उडाला तर कडा धारदार राहते. ही खाच आतून गुळगुळीत आहे, घासून घासून झालेली. रोज, एकाच जागी, एकाच कामासाठी. हे गृहस्थ शिंपी आहेत."

कुणीतरी "आईशप्पथ!" म्हणालं. सगळी बॅच पुढे झुकली.

"दोरा दाताने तोडतात. दिवसातून शंभरदा. पंचवीस-तीस वर्षं तरी झाली असतील. खाच तिरकी आहे बघा, म्हणजे तोडताना मान एका बाजूला कलती करत असणार. डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो की नाही?"

उभा राहिला. गळ्यात टेप, नाकावर घसरलेला चष्मा, उजवीकडे कललेली मान, आणि टच्च. मी मनाशी म्हणाले, गावात शिंपी काय एकच आहे? दोशी डॉक्टरांकडे दहा शिंपी जात असतील. आणि त्याच क्षणी मला ते पान आठवलं. माझे अण्णा जन्मात पान खात नाहीत. गिऱ्हाईकाच्या पांढऱ्या कापडावर लाल शिंतोडा उडाला तर काय करायचं, म्हणून लग्नातला विडासुद्धा ते आईच्या हातात देतात.

"एक मात्र मला कळत नाही," मॅडम बोलत होत्या. "हलत होता हे खरं. पण तार बांधून सांभाळला असता तर अजून पाच-सात वर्षं सहज निघाली असती. आणि ह्यांच्या तर कामाचा दात हा. का काढला असेल?"

खोलीत उत्तर माहीत असलेली मी एकटीच होते.

"माळवदे? रडताय कशाला? सगळं बरोबर सांगितलंत की. ओळख तेवढी अर्धी राहिली. हे कुठले, कोण, काही माहिती आहे?"

"हो," मी म्हणाले. "शंकर विठोबा माळवदे. करमाळा. पोस्टाच्या गल्लीत दुकान आहे. माझे अण्णा, मॅडम."

शमीमचा हात माझ्या पाठीवर आला.

"तुम्हाला माहीत होतं?"

"आत्ता कळलं. तुम्ही सांगितल्यावर." मग मी बाकीचंही सांगून टाकलं. "संचात एवढाच कमी होता. मी म्हणाले होते, नाही मिळाला तर शिक्षण सोडून परत येते."

मॅडमनी भिंग खिशात ठेवलं. चष्मा काढला, पुसला, परत घातला. तोवर दात त्यांच्या चिमट्यातच होता. मग चिमटा टेबलावर टेकवून त्यांनी दात दुसऱ्या हाताच्या तळव्यावर घेतला आणि माझ्यापुढे धरला.

"ह्यांना जागेवर ठेवा," त्या म्हणाल्या. "चिमटा नको. हाताने."

मी ठेवला. मॅडमनी मला सावरायला अर्धं मिनिट दिलं, जास्त नाही. "आता उरलेले नऊ," म्हणाल्या, आणि शेजारच्या ताटातून एकेक पुढे सरकवू लागल्या. मी प्रत्येकाला शर्ट घालत गेले. एकही उलटा गेला नाही.

शनिवारी पहिल्या गाडीने करमाळा गाठलं. अण्णा मशीनवर होते. मला बघून उठले, हसणार तेवढ्यात ओठ मिटले आणि मिटलेल्या ओठांनीच हसले.

"तोंड उघडा," मी म्हणाले.

"आल्या आल्या? चहा तर घे."

"अण्णा, तोंड उघडा."

त्यांनी उघडलं. मी आयुष्यात तपासलेलं पहिलं तोंड ते. दुकानाच्या दारातल्या उन्हात, कापडाच्या गठ्ठ्यावर त्यांना बसवून मी आत बघितलं. वरची, उजवी. हिरडी भरत आली होती, गुलाबी, स्वच्छ. दोशी डॉक्टरांचा हात चांगला होता.

"कुणी सांगितलं?" अण्णांनी विचारलं.

"तुमच्याच दाताने सांगितलं. तुम्ही शिंपी आहात हेसुद्धा सांगितलं. सगळ्या वर्गाला."

"आरं तिच्या!" अण्णा चाट पडले. मग मी त्यांना खाचेचं सगळं सांगितलं, भिंग, गुळगुळीत कडा, कललेली मान. ते ऐकताना त्यांचा चेहरा लहान मुलासारखा झाला. "मान कलती करतो हे बी कळलं? दातावरनं?" त्यांनी आईला हाक मारली. "आगं ऐकलंस का? मी मान कलती करतो का गं?"

"कलती करून करून वाकडी झालीय," आई आतून म्हणाली. "आणि पोरीला खरं सांगा. डॉक्टर नको म्हणत होते, तार बांधू म्हणत होते. दोन दिवस त्यांच्या पायरीवर जाऊन बसले हे."

"का केलंत अण्णा?" माझा बांध फुटला. "एका दातासाठी? मी मिळवला असता कुठूनतरी!"

"तू परत येते म्हणालीस," अण्णा म्हणाले. एवढं एकच वाक्य ते चेष्टा सोडून बोलले. लगेच त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली. "आणि हलतच होता गं. लहानपणी तुझं सगळं दात मी उंदराला दिलं, बिळापाशी जाऊन. म्हटलं, एक माझा तुला द्यावा."

त्यांनी मशीनवरचा शर्ट उचलला, कॉलरचा दोरा तोंडाशी नेला, आणि त्यांची मान सवयीने उजवीकडे कलली. दोरा फटीतून निसटला. त्यांनी परत धरला, परत निसटला. मग चोरून माझ्याकडे बघत त्यांनी कात्री घेतली. बावीस वर्षं आईचं बोलणं ऐकून जे केलं नव्हतं ते. मला ते बघवलं नाही, मी चहा करायच्या निमित्ताने आत गेले.

मी परत गेले ती शिकायला गेले. तो संच परीक्षेनंतर मला मिळाला. सोळावा दात आजही बटणांच्या त्याच डबीत माझ्या टेबलाच्या खणात आहे.

सहा वर्षांनी करमाळ्यातच दवाखाना काढला तेव्हा पहिल्या दिवशी खुर्चीवर अण्णांना बसवलं. माप घेतलं, रंग जुळवला, आठ दिवस खपून त्यांना वरची उजवी पटाशी करून बसवली. पुस्तकात असते तशी, धार सरळ, एक रेघ इकडची तिकडे नाही. आई म्हणाली, लग्नातल्या फोटोसारखे दिसायला लागले. अण्णा आरशात बघून खूश झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखाना उघडायच्या आत पायरीवर हजर.

"दुखतोय का?"

"छे! दात झकास हाय. पण डॉक्टरीणबाई, कामाचा न्हाई. दोरा सटकतोय."

मी त्यांना खुर्चीवर बसवलं. खणातून डबी काढली आणि त्यांचा जुना दात त्यांच्याच छातीवर, खिशाच्या वर ठेवला, नीट बघता यावा म्हणून. मग मशीन सुरू केलं आणि मी स्वतः केलेल्या त्या निर्दोष दाताच्या धारेत, जवळजवळ मधोमध, थोडी तिरकी, एक खाच पाडली. कडा आतून गुळगुळीत केल्या.

अण्णा उठून बसले. इकडेतिकडे बघितलं, माझ्या अ‍ॅप्रनच्या बाहीला एक दोरा सुटला होता तो धरला, मान कलती केली.

टच्च.

"आता बसला," अण्णा म्हणाले.